नांदेडात बसून लातूरचं मशीन

मकसूद मामू काय काम करतात, असं आमच्या नानीला विचारलं की ती सांगते, "लातूर में एक मशीन है, उसकू दूर से दवा देता." शेषेराव सरांना विचारलं की ते म्हणतात, "ते आमचे सिस्टीमचे." सिस्टीमचे कोण, हे सर सांगत नाहीत. आणि सरांच्या ऑफिसातल्या व्यंकटी काकांना विचारलं की ते आधी दाराकडे बघतात, मग आवाज खाली आणून म्हणतात, "ते नांदेडात बसून लिवतेत, हितं उमटतंय बघा."

तिघांचंही बरोबर आहे.

मामू म्हणजे माझ्या अम्मीचे धाकटे भाऊ. जन्म लातूरचा. पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा ते नानीच्या मांडीवर मावत होते. लातुरातल्या घराला नुसत्या भेगा गेल्या, पण किल्लारीच्या बाजूला दिलेली नानीची थोरली बहीण घराखाली गेली. तिचं दफन झाल्यावर नानीनं आपली दोन्ही लेकरं उचलली आणि नांदेडला माहेरी आली. नाना मागून आले, शिलाई मशीन ट्रकात घालून. तेव्हापासून नानी लातुरात झोपलेली नाही. येते. अम्मीचं लग्न सासरकडं लातुरातच झालं, त्याला सकाळच्या एसटीनं आली, बिर्याणीला नावं ठेवली, बिदाईला रीतीप्रमाणे रडली आणि संध्याकाळच्या एसटीत बसली. कोणी थांब म्हटलं तर तिचं ठरलेलं उत्तर आहे: "दिन में हिली तो भागूँगी. सोती को कौन उठाता?"

अम्मी मात्र लग्न करून परत लातुरातच गेली, म्हणून मी लातूरची. आणि लातूरची म्हणजे ट्यूशन एरियातली. आमच्याकडे दोन माणसं भेटली की नमस्कार नंतर होतो, आधी "कुठं लावलं?" मी शेषेराव सरांकडे लावलं. मामू तिथे आधीपासून होते.

सरांचा क्लास भिंतींच्या आत जेवढा आहे त्याच्या कितीतरी पट बाहेर आहे. औसा, उदगीर, निलंगा, पार इस्लापूरपर्यंतची पोरं घरी बसून मोबाइलवर सरांच्या टेस्ट देतात. त्या सगळ्या टेस्ट एका मशीनवर चालतात आणि ते मशीन सरांच्या केबिनमागच्या लोखंडी कपाटात असतं. कपाटाच्या वर पडदा, म्हणजे स्क्रीन, आणि कीबोर्ड, आत खाली खरा डबा. मामू आठवडाभर आमच्याकडे राहायचे, कपाटापाशी बसायचे आणि शनिवारी नांदेडला जायचे.

मग नानी मोरीत पाय घसरून पडली. खुब्याचं ऑपरेशन झालं. आता ती वॉकर घेऊन चालते आणि वॉकरला "ये घोडा" म्हणते, पण उठवायला, बसवायला माणूस लागतो. शेजारच्या सिंधु मावशी दिवसा डोकावतात. त्यांना त्यांचं घर आहे. नाना राहिले नाहीत. मामूंचं लग्न ठरून राहिलंय, ही बातमी इतकी जुनी झाली की आता कोणी विचारत नाही. म्हणजे मामूंनीच नांदेडात राहायला पाहिजे. आणि मशीन लातुरात.

मामूंनी जे केलं ते मला त्यांनी समजावून सांगितलं आहे, मला जसं समजलं तसं लिहिते. लातूरच्या ऑफिसातल्या इंटरनेटला बाहेरून कोणी हाक मारू शकत नाही, आतून मात्र बाहेर जाता येतं. मग मामूंनी मशीनलाच शिकवलं की तू आतून बाहेर जा आणि अमुक ठिकाणी, भाड्यानं घेतलेल्या एका कॉम्प्युटरशी हात धरून उभं राहा. मामू इकडे नांदेडात साध्या ब्राउझरमध्ये त्या ठिकाणाचा पत्ता उघडतात. बँकेची वेबसाइट उघडावी तसंच, कुलपाचं चित्रसुद्धा तसंच. पासवर्ड टाकायचा, फोनवर आलेला आकडा टाकायचा, की वेबसाइटच्या जागी काळा पडदा येतो. त्या पडद्यावर लिहिलेला हुकूम लातूरच्या कपाटातलं मशीन पाळतं आणि उत्तर नांदेडात दिसतं. वेगळं काही बसवावं लागत नाही. मामूंचा लॅपटॉप मरून पडला तेव्हा त्यांनी सिंधु मावशींच्या फोनवरून सुद्धा मशीनला दवा दिली होती.

नानीची आणि त्यांची यावर जी चर्चा झाली ती अशी.

"मतलब तू याँ लिखता, वाँ की मशीन सुनती?"

"हौ."

"और उसकू कुछ बोलना रैया तो?"

"वो भी याँ दिखता, अम्मी."

"तेरे अब्बा की मशीन तो सामने बैठे बगैर एक टाँका नै मारती थी."

शेषेराव सरांचं म्हणणंही हेच होतं, फक्त मराठीतून. सर दाळमिलवाल्यांच्या घरातले. आजोबांची मिल होती, सर तिथेच खेळून मोठे झाले, आणि फिजिक्स शिकवताना बेल्ट, पुली, इंजिन आलं की त्यांचा चेहरा उजळतो. त्यांचं प्रत्येक वाक्य "कसं?" नं संपतं आणि उत्तराची वाट ते बघत नाहीत.

"मकसूद, इंजन लातुरात आन् इंजनवाला नांदेडात, आसं कुठं आयकलं का? कसं? मला मानूस समूर दिसला पायजे. तू तिथं बसून काम करायलास का झोपायलास, मला काय दिसतंय? कसं?"

मामू सरांशी शाळेच्या पुस्तकातल्यासारखं मराठी बोलतात. नानीशी दखनी बोलतात आणि मशीनशी इंग्रजीत, तोंड बंद ठेवून. ते म्हणाले, "सर, काम थांबलं का आजपर्यंत?"

"थांबलं न्हाई. पण थांबलं तर?"

शेवटी सरांनी अट घातली. दसऱ्याच्या दिवशी त्यांची मोठी टेस्ट होती, सीमोल्लंघन टेस्ट, सगळ्यांना फुकट, चौकाचौकात फ्लेक्स लागलेले. "ती तू तिथून सांभाळ. सांभाळली तर ऱ्हा तिथंच, मी पुन्हा तोंड उघडनार न्हाई. न्हाई सांभाळली तर दिवाळीच्या आत बिस्तरा घेऊन लातूरला यायचं. न्हाईतर मी दुसरा बघतो. कसं?"

नानी लातुरात झोपणार नाही आणि नांदेडात एकटी राहू शकणार नाही. म्हणजे टेस्ट बिघडली की मामूंची नोकरी गेली. मामू "ठीक आहे, सर" म्हणाले.

सुट्टी लागली म्हणून मी नांदेडला नानीकडे आले होते. खंडेनवमीच्या सकाळी मामू टेस्टचे पेपर मशीनवर चढवायला बसणार, तेवढ्यात सरांचा फोन आला. नानीचे हात कोथिंबिरीत आणि मामूंचे चहाच्या कपाभोवती, म्हणून फोन स्पीकरवर.

"मकसूद, आज काई चढवायचं न्हाई. आज खंडेनवमी."

"सर, पेपर फक्त. उद्या टेस्ट आहे."

"उद्या सकाळी चढव. दुपारची टेस्ट हाय. आज हत्याराला आराम. आमच्या आजोबानं ह्या दिवशी गिरणीचा पट्टा कधी फिरू दिला न्हाई. व्यंकट्या पूजा मांडून राहिला, आता मशीन बंद करतो."

मामूंनी कप खाली ठेवला. "सर, बंद नका करू. चालू राहू द्या, तिथे कोणी हात लावणार नाही."

"तू लावशील की."

"मी नांदेडात आहे, सर. माझा हात तिथे पोचत नाही."

फोनमधून व्यंकटी काकांचं "फुलं कमी पडतेत बघा" ऐकू आलं.

"आसं बघ," सर म्हणाले. "तुजा हात पोचत न्हाई तर मग तू तिथून काम कसं करतो? आन् काम करतो तर हात पोचतोच. दोन्हीतलं एक बोल. कसं?"

फोन बंद झाला. नानी कोथिंबिरीच्या काड्या मोडत म्हणाली, "मास्टर है, बात में पकड़ता."

थोड्या वेळानं व्यंकटी काकांचा फोटो आला. पडद्याला झेंडूचा हार, काचेवर हळदीकुंकवाची बोटं, कीबोर्डवर फुलं, बाजूला उदबत्ती आणि फुटलेला नारळ. खाली आवाजी निरोप: "मशीन झोपिवलं बघा."

मामूंनी फोटो मोठा करून बघितला. मग लॅपटॉप ओढला, पत्ता उघडला, पासवर्ड टाकला, आकडा टाकला. काळा पडदा उघडला आणि वरच्या कोपऱ्यात कर्सर लुकलुकायला लागला.

"चालू है," मामू म्हणाले.

"क्या?" नानीनं विचारलं.

"मशीन. पूजा पड़दे की कर दिए. पड़दा बंद करके हार डाले. मशीन नीचे कपाट में है, वो चालूच है."

मी हसले. नानी हसली नाही, तिला पुढचं कळलं होतं. मामूंसमोर सगळं काम तयार होतं. पेपर चढवायला फार वेळ लागला नसता. सर समजत होते की मशीन बंद आहे, व्यंकटी काका समजत होते की मशीन झोपलंय, आणि मशीनला यातलं काही सांगता येत नव्हतं.

"कर डालूँ?" मामू म्हणाले, पण असं की नानीनं नको म्हणावं.

"कर. तेरी कौन सी नवमी है." नानीनं ताट बाजूला सारलं. "पर वो मास्टर एकीच बात बोलता ना, के दूर बैठके तू क्या करता मेरेकू दिखता नै. आज जो तू करेगा, वोइच बात सच्ची करेगा."

मामू पडद्याकडे बघत बसले. मग त्यांनी मशीनला एक साधा प्रश्न विचारला, की तू कधीपासून चालू आहेस. उत्तर आलं, उन्हाळ्यापासून. ते वाचून मामूंनी कपाळाला हात लावला आणि एक दखनी शब्द उच्चारला, तो मी इथे लिहीत नाही.

त्यांच्या लक्षात आलं ते असं. बाहेर जाऊन हात धरून उभं राहा, हे मशीनला त्यांनी उन्हाळ्यात एकदा स्वतः सांगितलं होतं. उठल्या उठल्या आपणहून जा, असं सांगायचं राहून गेलं होतं. करू, करू म्हणत. मशीन मध्ये एकदाही बंद पडलं नाही, म्हणून कळलं नाही. सकाळी सरांनी खरंच बंद केलं असतं, तर दुसऱ्या दिवशी मशीन उठलं असतं, पण मामू बाहेरच राहिले असते.

त्यांनी सरांना फोन लावला.

"सर, मशीन चालू आहे."

"कुठलं?"

"आपलंच. तुम्ही हार घातला तो नुसता पडदा आहे. मशीन खाली, कपाटात."

मग सर तिकडे वळून म्हणाले, "व्यंकट्या, आरं आपुन पूजा कशाची केली?"

"आता आसं हाय तर काचंची झाली म्हनायची बघा."

"काढ वायर."

"वायर नका काढू, सर," मामू घाईनं म्हणाले. "चालत्या मशीनची वायर ओढली तर आतलं लिहिलेलं बिघडतं. बंद करायचा हुकूम द्यावा लागतो. आणि सर, माझीही एक चूक आहे." त्यांनी ती सांगितली. जशी होती तशीच.

"मंजे आता झोपलं तर उद्या तुला यावं लागंल," सर म्हणाले.

"आत्ता दोन ओळी लिहिल्या तर नाही लागणार."

"आज लिव्हायचं न्हाई."

"मग बंदही करता येणार नाही, सर. तोही हुकूम लिहावाच लागतो. आणि तो तिथे दुसऱ्या कोणाला येत नाही."

नानी फोनकडे असं बघत होती जसं त्यातून वाफ येणार आहे. सर बोलले तेव्हा त्यांचा आवाज वर्गातला नव्हता.

"आमच्या मिलीत एक मिस्त्री होता. खंडेनवमीला इंजन तोच बंद करायचा. हात लावूनच करायचा की, बिगर हाताचं कसं बंद होईल? आन् बंद करायच्या आधी तेल द्यायचा. कोरडं इंजन झोपवायचं न्हाई म्हनायचा, दुसऱ्या दिवशी उठत न्हाई." मग विचारलं, "तुज्या त्या दोन ओळी मंजे तेल का रे?"

"तेलच, सर."

"पेपर न्हाई चढवायचे."

"नाही."

"तेल घाल आन् झोपव. कसं?"

मामूंनी ओळी लिहिल्या. उठल्यावर बाहेर जा. बाहेर कोणी भेटलं नाही तर थोडं थांब आणि पुन्हा जा, भेटेपर्यंत. वाचल्या, पुन्हा वाचल्या. मग बंद होण्याचा हुकूम लिहिला. काळा पडदा जागच्या जागी गोठला आणि ब्राउझरनं कळवलं की संपर्क तुटला. फोनवर व्यंकटी काका कपाटात डोकं घालून म्हणाले, "पंखा थांबला बघा. नारळ तोच चालतोय का दुसरा आनू?"

"फुटलेला चालंल का रे? दुसरा आन. आन् ह्या टायमाला कपाटातलं एकूण एक धर, काई ऱ्हायाला नको."

आता एकच अडचण होती. त्या ओळी बरोबर आहेत का, हे मशीन उठल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उठवायचं दुसऱ्या दिवशी. मामू दिवसभर अधूनमधून तो पत्ता उघडून बघायचे. पान कोरं. "सोते को बार बार क्या देखता?" नानी म्हणायची. त्यांनी सिंधु मावशींना विचारून ठेवलं की वेळ पडली तर दोन दिवस नानीजवळ बसाल का. मावशी हो म्हणाल्या आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दोन दिवस म्हणजे दोनच ना गं? आमच्याकडं पाव्हणे येऊन राहिले." नानीनं ते ऐकलं. तिनं वॉकर घेऊन ओट्यापासून दारापर्यंत एकटीनं एक फेरी मारून दाखवली, परत येताना अडकली, आणि मामूंनी धरून बसवलं.

दसऱ्याच्या सकाळी सर, व्यंकटी काका आणि मामू, तिघं फोनवर.

"दाबू?" व्यंकटी काका.

"दाबा."

"दाबलं. पंखा फिरून राहिला. हिरवा दिवा बी आला."

मामूंनी पत्ता उघडला. कोरं पान. थांबले. पुन्हा. कोरंच. मामू दाढी ओढायला लागले. ते घाबरले की हे करतात, एरवी दाढीला हात लावत नाहीत.

"कसं?" सरांनी विचारलं. ह्या वेळी ते खरोखर उत्तराची वाट बघत होते.

"थांबा, सर. एकदा अजून."

काही नाही. पहिली एसटी गेली होती. पुढची पकडली तरी टेस्टच्या आत कपाटापर्यंत पोचणं कठीण. मामूंनी ओळी आठवून आठवून ओठांतल्या ओठांत म्हटल्या. कुठे चुकल्या ते सापडेना. मी विचारलं, "मामू, वाँ का नेट चालू है क्या?"

"नेट कभी बंद नै होता वाँ." मग ते थबकले. "व्यंकटीभाऊ, कपाटात वरच्या फळीवर नेटची एक छोटी डबी आहे. तिचे दिवे लागलेत का?"

"कंची? लाल-हिरव्या दिव्याची? तिला बी झोपिवलं की काल. हार घातला, वायर काढली. सर म्हनले काई ऱ्हायाला नको, म्हून."

हुकूम सरांचाच होता.

"उठवा तिला," मामू म्हणाले.

"उठिवली बघा. लाल हाय. लालच हाय. आता हिरवा."

मामूंनी या वेळी पान पुन्हा उघडायची घाई केली नाही. मशीनला थोडं थांबून पुन्हा जायला सांगितलं होतं, तेवढा वेळ त्यांनी त्याला दिला. नानीनं तोंडात धरलेली सुपारी चावायची थांबवली होती. मग मामूंनी पत्ता उघडला. पासवर्ड. आकडा. काळा पडदा, कोपऱ्यात कर्सर.

"आत आलो, सर," मामू म्हणाले.

सरांनी "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. त्याआधी व्यंकटी काकांनी तिकडे "आलं म्हनतेत" असं कोणाला तरी ओरडून सांगितलेलं ऐकू आलं.

पेपर चढले. दुपारी टेस्ट सुरू झाली. मीसुद्धा दिली, नानीच्या पलंगावर बसून, आणि माझ्या मार्कांबद्दल इथे काही लिहीत नाही. मामू पडद्यापुढून हलले नाहीत. एकदा मशीन जड झालं तेव्हा त्यांनी जुन्या लेक्चरांच्या व्हिडिओंचं मागे चाललेलं, तातडीचं नसलेलं एक काम थांबवलं, आणि पोरांना कळलंही नाही. नानी मधूनमधून विचारत होती, "कैसी है तबियत?" आणि मामू म्हणत होते, "ठीक है." दोघं मशीनबद्दल बोलत होते.

संध्याकाळी सरांचा फोन आला. मागे लोकांची ये-जा, "सोनं घ्या, सर, सोन्यासारखं ऱ्हा" चाललेलं.

"मकसूद, कुठं अडलं न्हाई न?"

"नाही, सर."

"मग ऱ्हा तिथंच." मध्ये कोणाचं तरी सोनं घेतलं असावं, कारण "तुमी बी, तुमी बी" झालं. मग पुन्हा मामूंना, "पन पुढच्या वर्षी तेल आदल्या दिवशी घालून ठेव. ऐन पूजेत मला पेचात टाकू नको. आन् त्या डबीचं व्यंकट्याला काई बोलू नको. कसं?"

"नाही बोलणार, सर."

मामू आत आले. नानी भिंतीला टेकून बसली होती आणि घोडा तिच्या बाजूला उभा होता.

"याँच रैने का हुआ," मामू म्हणाले.

"हौ," नानी म्हणाली. "तो सिंधु कू बोल दे, उनो पाव्हने के वास्ते कब से परेशान है." मामू चप्पल शोधायला लागले. ती सापडेपर्यंत नानीनं हात पुढे केला होता, उठायला, आणि मामूंनी आधी तिला उठवलं.